व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी दातांची कीड थांबते का?

प्रश्न एका आईचा आहे. तिच्या सहा वर्षांच्या मुलाच्या चार दुधाच्या दाढा किडल्या आहेत आणि त्यातल्या दोनमध्ये फिलिंग करावं लागेल असं दंतवैद्यांनी सांगितलंय. तिला विचारायचंय की, आधी काही महिने व्हिटॅमिन डी, सी आणि कॅल्शियम देऊन पाहिलं तर चालेल का? डी आणि के-२ एकत्र घेतलं की कीड आपोआप भरून येते असं तिच्या वाचनात आलं, त्यात तथ्य किती? आणि आता जे कायमचे दात येतील ते तरी किडू नयेत म्हणून काय द्यावं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे. थांबू नका. खड्डा पडलेली दाढ कुठल्याही व्हिटॅमिनने भरून येत नाही. दुधाच्या दाढेचं एनॅमल, म्हणजे बाहेरचं कठीण आवरण, कायमच्या दाढेपेक्षा बरंच पातळ असतं, साधारण निम्मं, आणि आतली नस दाढेच्या आकाराच्या मानाने मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ असते. त्यामुळे आज छोट्या फिलिंगवर भागणारी कीड काही महिन्यांत नसेपर्यंत पोचू शकते. मग ठणका, सूज, रात्रीची रडारड, आणि फिलिंगऐवजी नसेचा उपचार नाहीतर दाढ काढणं. मी लहान मुलांच्याच दातांचं काम करते. ‘गोळ्या चालू आहेत, बघू फरक पडतो का’ म्हणून थांबलेली मुलं गाल सुजवून येतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. आईवडिलांनी हयगय केलेली नसते. काळजीपोटीच त्यांनी चुकीच्या गोष्टीवर भिस्त ठेवलेली असते.

मग व्हिटॅमिनचा दातांशी काही संबंधच नाही का? आहे, आणि चांगला घट्ट आहे. फक्त तो संबंध कोणत्या वयात असतो ते नीट कळायला हवं.

एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीच्या आत असतानाच आपलं काम पुरं करतात आणि दात वर येताना नाहीशा होतात. त्यानंतर त्या एनॅमलमध्ये एकही जिवंत पेशी नसते, रक्तवाहिनी नसते. हाड मोडलं तर जुळून येतं, कारण त्यात पेशी असतात आणि रक्त फिरत असतं. एनॅमलला ती सोयच नाही. भट्टीतून निघालेल्या विटेची माती नंतर बदलता येत नाही, तसंच हे. पोटात घेतलेलं व्हिटॅमिन रक्तातून सगळीकडे जाईल, पण बाहेर आलेल्या दाताच्या एनॅमलपर्यंत जायला त्याला रस्ताच उरलेला नसतो.

म्हणून दातांचं वेळापत्रक बघावं लागतं. दुधाच्या दातांत खनिज भरायला आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरुवात होते. पहिली कायमची दाढ, जी सहाव्या वर्षाच्या आसपास तोंडात दिसते, तिची घडण जन्माच्या सुमारास सुरू होते आणि तिचा वरचा भाग तीन वर्षांपर्यंत तयारही झालेला असतो. पुढच्या कायमच्या दातांचं काम जन्मानंतर काही महिन्यांत सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. दुसऱ्या कायमच्या दाढेचा वरचा भाग सात-आठ वर्षांपर्यंत पुरा होतो. म्हणजे तुमच्या मुलाच्या पुढच्या दातांचं आणि पहिल्या दाढांचं एनॅमल आजच बनून तयार आहे, ते फक्त वर यायचे बाकी आहेत. दुसऱ्या दाढा आणि उपदाढा मात्र अजून घडताहेत. त्यांच्यासाठी आजचा आहार आणि शरीरातली डी ची पातळी खरोखर कामाची आहे.

डी का महत्त्वाचं, तर आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट पुरेसं शोषलं जायला ते लागतं. दात घडत असताना ते फार कमी पडलं, तर एनॅमल पातळ, खड्डेखड्डे असलेलं किंवा मऊसर बनतं. मुडदूस, म्हणजे हाडं मऊ पडण्याचा आजार, झालेल्या मुलांमध्ये दात उशिरा येतात आणि त्यांच्यावर असे दोष दिसतात. हे दोष बघण्यासारखे असतात. पुढच्या दातांवर आडवा पट्टा जातो, त्यात टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असतात, आणि वेगवेगळ्या दातांवर तो पट्टा वेगवेगळ्या उंचीवर असतो, कारण त्या काळात प्रत्येक दात आपल्या घडणीच्या वेगळ्या टप्प्यावर होता. त्या उंचीवरून मूल साधारण कोणत्या वयात आजारी किंवा कुपोषित होतं याचा अंदाज बांधता येतो. पुढे अशा खडबडीत जागी अन्न आणि जिवाणूंचा थर सहज साचतो आणि कीड तिथूनच धरते. डी च्या कमतरतेचा आणि किडीचा सगळ्यात पक्का धागा तो हा. आणखी एक आजार सांगून ठेवते. शरीरातून फॉस्फेट निघून जाणारा एक आनुवंशिक मुडदूस असतो. त्यात दाताला वरून कीड दिसतही नाही आणि तरी मुळाशी गळू होतं. कीड नसताना पुन्हापुन्हा असं गळू होत असेल, तर दंतवैद्यांइतकंच बालरोगतज्ज्ञांकडेही जायला हवं.

हा संबंध पहिल्यांदा नीट तपासला तो मे मेलनबी या ब्रिटिश संशोधिकेने. तिचे पती एडवर्ड मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांवर मुडदुसाचा अभ्यास करत होते, आणि तिने दातांकडे लक्ष दिलं. कॉड माशाच्या यकृताच्या तेलासारखे पदार्थ नसलेल्या आहारावर वाढलेल्या पिल्लांचे दात वेडेवाकडे आणि एनॅमल निकस निघालं. पुढे १९२० च्या दशकात तिने शेफील्डमध्ये मुलांवर आहाराचे प्रयोग केले आणि डी जास्त मिळालेल्या मुलांत नवी कीड कमी दिसली. त्या काळापासूनच्या चाचण्या एकत्र करून २०१३ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला: २४ चाचण्या, २,८२७ मुलं, आणि डी दिलेल्या गटात कीड सुमारे ४७ टक्क्यांनी कमी. हा आकडा सगळीकडे फिरतो. पण त्याच आढाव्यात हेही स्पष्ट म्हटलंय की पुराव्याची खात्री कमी आहे. चाचण्या बऱ्याच जुन्या, त्यांची आखणी आजच्या कसोटीला न उतरणारी, आणि त्यांतल्या अनेक फ्लोराइडची टूथपेस्ट घरोघरी नव्हती त्या काळातल्या.

अलीकडचा एक चांगला प्रयोग डेन्मार्कमधला आहे. गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात काही स्त्रियांना रोज ४०० युनिट डी दिलं, तर काहींना त्यावर आणखी २,४०० युनिट. मुलं सहा वर्षांची झाल्यावर दात तपासले आणि निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. जास्त डी मिळालेल्या आयांच्या मुलांपैकी सुमारे १५ टक्क्यांच्या एनॅमलमध्ये दोष होते, दुसऱ्या गटात ते प्रमाण २७ टक्क्यांच्या वर होतं. फरक मोठा आहे. मात्र किडीच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक निघाला नाही. मला हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचणं फार गरजेचं वाटतं. डी ने दात चांगला घडवला, पण घडलेला दात किडणार की नाही हे वेगळ्याच गोष्टींनी ठरलं.

त्या वेगळ्या गोष्टी म्हणजे जिवाणू आणि साखर. १९५४ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर असलेला आहार दिला, तरी त्यांच्या दातांना कीड लागली नाही. माणसांत याची दुसरी बाजू दिसते. जन्मतःच फ्रुक्टोज न पचणाऱ्या व्यक्तींना साखर टाळावीच लागते, आणि त्यांच्यात कीड विलक्षण कमी आढळते. जिवाणू काढले तर कीड नाही, साखर काढली तर कीड अगदी कमी. पोटातलं व्हिटॅमिन या दोन्हींपैकी कशालाच हात लावत नाही.

साखर खाल्ली की दातावरच्या थरातले जिवाणू ती आंबवून आम्ल तयार करतात. काही मिनिटांतच तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, खाली येतो; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडायला लागतं. मग लाळ ते आम्ल हळूहळू निवळते आणि पीएच पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास जातो. लाळेत कॅल्शियम, फॉस्फेट भरपूर असतं. निवांतपणा मिळाला तर ती हरवलेलं खनिज परत आत भरते. फ्लोराइड असेल तर हे भरणं जास्त जलद होतं आणि नवा थर आम्लाला जास्त दाद देत नाही. दातावर हे दोन्ही दिवसभर चाललेलं असतं. तीन वेळा नीट जेवणाऱ्या मुलाच्या लाळेला मधे तासन्‌तास मिळतात. दर अर्ध्या तासाने बिस्किट, ज्यूसचा घोट, गोळी-चॉकलेट चाललेलं असेल तर तिला डोकं वर काढायला सवडच मिळत नाही, मग त्या मुलाची डी ची पातळी कितीही उत्तम असो. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात व्हिपेहोल्म नावाच्या संस्थेत मतिमंद रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून दात किडू दिले. माणसांवर असं काही करणं अन्यायच होता आणि ते आज कुणी करू देणार नाही. पण त्यातून एवढं निर्विवाद कळलं की जेवणासोबत खाल्लेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मधे खाल्लेली, दाताला चिकटून राहणारी साखर कितीतरी जास्त घातक असते.

आता के-२ आणि ‘आपोआप भरणाऱ्या’ किडीबद्दल. हे पूर्ण निराधार नाही, म्हणूनच ते लोकांना पटतं. त्यामागे दोन खऱ्या गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे कीड अगदी सुरुवातीला असेल तर खरोखर मागे फिरते. दात पुसून, हवेचा झोत मारून कोरडा केला की हिरडीच्या कडेला खडूसारखा पांढरा, निस्तेज डाग दिसतो. ओल्या दातावर तो दिसतही नाही. तिथे आतलं खनिज गेलेलं असतं, पण वरचा थर अजून अखंड असतो. हीच वेळ आहे. फ्लोराइड, नीट ब्रश आणि मधल्या वेळचं गोड बंद, एवढं सांभाळलं तर तो डाग पुन्हा कठीण आणि चकचकीत होतो. पण हे काम बाहेरून, लाळेकडून होतं. त्यावरचा थर फुटून खड्डा पडला की मग हा मार्ग बंद. दुसरी गोष्ट म्हणजे एनॅमलच्या खालचं डेंटिन जिवंत असतं. त्याच्या पेशी आत नसेच्या कडेला असतात आणि कीड जवळ येताना जाणवली की त्या आतल्या बाजूने नवं डेंटिन रचून नसेला आडोसा देतात. या पेशींच्या कामात डी आणि के-२ यांचा वाटा असावा असं मानायला जीवशास्त्रीय आधार आहे. पण हे डेंटिन आत तयार होतं, बाहेरचा खड्डा आहे तसाच राहतो. आणि के-२ दिल्याने मुलांची कीड थांबली हे दाखवणारी चांगली चाचणी झालेली नाही.

कधीकधी मोठा, उघडा खड्डा गडद तपकिरी-काळा, टणक आणि गुळगुळीत होतो. घरचे म्हणतात, ‘बघा, वाळली कीड.’ अशी कीड खरंच थांबलेली असू शकते. मेलनबीनेही तिच्या काळात मुलांत हे कठीण होणं नोंदवलं होतं. पण ती थांबली आहे की वरून टणक दिसत असून आत मऊ आहे, हे घरी बघून ठरवता येत नाही. त्यासाठी तपासणी आणि बहुधा एक्स-रे लागतो. दोन दाढांच्या मधली कीड तर नुसत्या डोळ्यांनी फार उशिरा दिसते.

बाकीची व्हिटॅमिनं थोडक्यात. सी हिरड्यांसाठी आहे. ते फार कमी पडलं तर कोलॅजेन नीट बनत नाही, हिरड्या सुजतात, रक्त येतं, दात हलतात. तोच स्कर्व्ही. खलाशांना लिंबू-संत्र्याने तो बरा होतो हे जेम्स लिंडने १७४७ मध्ये दाखवलं. किडीला मात्र सी चा काही उपयोग नाही. आणि ब्रश करताना हिरडीतून रक्त येतंय म्हणून सी च्या गोळ्या सुरू करण्याआधी दात नीट साफ होताहेत का ते बघा, बहुतेक वेळा कारण साचलेला थर हेच असतं. बी गटातलं काही कमी पडलं तर जीभ लाल होऊन सोलल्यासारखी होते, ओठांचे कोपरे चिरतात. गर्भवती स्त्रियांना बी-६ देऊन दातांची कीड कमी होते का हे पाहणारा प्रयोग १९६० च्या दशकात झाला होता. त्यात गिळायच्या कॅप्सूलपेक्षा तोंडात चघळायच्या गोळीचा परिणाम जास्त दिसला. पुरावा तोकडा आहे, पण दिशा तीच: जे काही व्हायचं ते तोंडात, दाताच्या पृष्ठभागावर होतं. ए एनॅमलच्या पेशींना आणि लाळेच्या ग्रंथींना लागतं, पण गर्भारपणात ते जास्त घेतलं तर बाळाला अपाय होतो, त्यामुळे ते आपल्या मनाने घ्यायचं नाही.

एका गोष्टीबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मुलांसाठीची व्हिटॅमिनं बऱ्याचदा गमीच्या रूपात मिळतात. त्या गोड असतात, चिकट असतात आणि अनेक गम्यांत आंबटपणासाठी आम्ल घातलेलं असतं. रात्री ब्रश झाल्यावर ‘आता तुझी व्हिटॅमिनची गोळी’ म्हणून एक गमी दिली की ती दाढेच्या खाचेत बसते. झोपेत लाळ जवळपास थांबते, तिचा रात्रभराचा पहारा उठलेला असतो. सी च्या चघळायच्या गोळ्या स्वतःच आम्ल असतात. त्या रोज चघळून एनॅमल झिजल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. कॅल्शियमचं आणि लोहाचं सिरप बहुतेक वेळा साखरेचं असतं. डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर थेंबांच्या, गिळायच्या किंवा बिनसाखरेच्या रूपात मागा, जेवणासोबत द्या आणि वर पाणी पाजा. रात्रीच्या ब्रशनंतर पाण्याशिवाय काही नाही.

आता कायमच्या दातांचं. पहिली कायमची दाढ शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे बऱ्याच घरांत तीही दुधाचीच समजली जाते आणि ‘पडणारच आहे’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. पुरती वर यायला तिला कित्येक महिने लागतात. त्या काळात ती बाकीच्या दाढांपेक्षा खाली असते आणि ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालून तिच्यावर मुद्दाम फिरवावा लागतो, आणि हे सहा वर्षांचं मूल स्वतः करू शकत नाही, मोठ्यांनी करायचं. ती वर आली की तिच्या खोल खाचा सीलंट नावाच्या संरक्षक लेपाने बुजवून घ्या. दुधाच्या दाढा किडलेल्या मुलाच्या बाबतीत मी हे ऐच्छिक समजत नाही.

टूथपेस्ट किमान १,००० पीपीएम फ्लोराइडची हवी. तीन वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला मटाराएवढी. ब्रश झाल्यावर थुंकायला सांगा, पण खळखळून चूळ भरू देऊ नका, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. पाण्यात मुळातच फ्लोराइड जास्त असलेल्या भागात, म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर, दंतवैद्यांना विचारून प्रमाण ठरवा. मूल फारच लहान किंवा घाबरट असेल आणि आत्ता ड्रिल शक्य नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रव औषध लावून कीड थांबवून ठेवता येते. तेवढा भाग काळा पडतो, ते आधीच सांगितलेलं बरं.

डी चं काय करायचं? मुलाची पातळी तपासण्यासारखं कारण असेल, जसं की वाढ खुंटलेली, पाय वाकलेले, उन्हात फार जाणं नाही, एनॅमलवर दोष, तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्ततपासणी करून घ्या. कमी निघालं तर ते त्याच्या हाडांसाठी आणि अजून घडणाऱ्या दाढांसाठी जरूर द्या. एक वर्षावरच्या मुलांची रोजची गरज साधारण ६०० युनिट मानतात, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी ३,००० युनिट ही वरची मर्यादा. डी चरबीत साठतं, जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना त्रास होतो. दोन-तीन वेगवेगळ्या बाटल्या एकाच वेळी चालू असतील तर प्रत्येकीवरचे युनिट वाचून बेरीज करा. आणि घरात दुसरं बाळ येणार असेल, तर डी बद्दल प्रसूतितज्ज्ञांशी आत्ताच बोला, कारण त्या बाळाच्या दुधाच्या दातांचं एनॅमल या महिन्यांत घडतंय. तुमच्या मुलाच्या फिलिंगची तारीख मात्र आजच घ्या, आणि ती करून घेतानाच चारही पहिल्या कायमच्या दाढा कुठवर आल्यात ते बघायला सांगा.